हिरवी वीज विकत घेताना नक्की काय विकत घेतो?

गेल्या वर्षी मार्चअखेरीच्या धांदलीत आमच्या नवी मुंबईतील रबाळ्याच्या कारखान्यात युरोपातील एका ग्राहकाची प्रश्नावली येऊन पडली. सुरक्षितता, सांडपाणी, कामगारांचे तास असे नेहमीचे रकाने त्यात होतेच, पण या वेळी एक रकाना नवा होता: आपल्या कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी किती टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून येते? त्याखाली बारीक अक्षरांत लिहिले होते, ‘पुरावा जोडा’. आमच्या संचालकांनी तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारले, “आपल्या छपरावर पॅनेल आहेत ना? मग लिहून टाका की.” वीज आणि देखभाल हा विभाग माझ्याकडे असल्यामुळे उत्तर देण्याची जबाबदारी माझीच होती. पाच मिनिटांत भरून होईल असे वाटलेल्या त्या एका रकान्याने माझे पुढचे पाच महिने खाल्ले. त्या पाच महिन्यांत जे समजले, ते आपल्या पट्ट्यातील इतर लहान-मध्यम कारखान्यांना आणि कार्यालयांना उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी आमचा आवाका सांगतो. वर्षाला साधारण ३० लाख युनिट वीज लागते, दोन पाळ्या चालतात आणि जोडणी महावितरणची उच्चदाब जोडणी आहे. भारतातील ग्रिडच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे आमच्या यंत्रांतून धूर निघत नसला, तरी आमच्या नावावर वर्षाला सुमारे २,१०० टन जमा होतात. ग्राहकाला कमी करून हवा होता तो हा आकडा.

सर्वांत आधी एक गैरसमज मनातून काढावा लागतो. ‘हिरवी वीज घेतली’ म्हणजे ती वेगळ्या तारेने आपल्या दारात आली, असे होत नाही. सोलापूरच्या पॅनेलमधून निघालेली, चंद्रपूरच्या कोळशातून निघालेली आणि कोयनेच्या पाण्यातून निघालेली वीज ग्रिडमध्ये एकदा मिसळली, की रबाळ्याच्या रोहित्रापाशी कोणते युनिट कुठले, हे कोणीही सांगू शकत नाही. खरेदीदार प्रत्यक्षात दोन वस्तू घेत असतो. पहिली म्हणजे वीज, जी तारेतून येते आणि मीटरवर मोजली जाते. दुसरी म्हणजे ‘हे युनिट नवीकरणीय स्रोतातून निघाले आणि ते माझ्या नावावर आहे’ असे म्हणण्याचा हक्क, जो केवळ कागदावर असतो. या दोन वस्तू एकत्र विकल्या जाऊ शकतात, तशाच वेगवेगळ्याही विकल्या जाऊ शकतात. माझे पाच महिने गेले ते मुख्यतः हे न कळल्यामुळे.

कारखान्याने दूरच्या निसर्गशक्तीवरची वीज विकत घ्यावी ही कल्पना मात्र आपल्या भागाला अजिबात नवी नाही. १९१५ साली खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि घाटमाथ्यावरच्या पाण्याच्या जोरावर मुंबईच्या कापड गिरण्या फिरू लागल्या. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे आली. त्या गिरणीमालकांना कोणी प्रश्नावली पाठवली नव्हती. कोळशापेक्षा ती वीज परवडली, एवढेच कारण पुरेसे होते.

असो. खरेदीचा विचार सुरू करण्यापूर्वी माझा आग्रह राहील तो स्वतःचे वीज बिल नीट वाचण्याचा. मागणी आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क ही ओळ न् ओळ वेगळी काढावी, कारण हिरव्या विजेच्या कोणत्याही प्रस्तावात यांतल्या काही ओळी कमी होतात, काही तशाच राहतात आणि काही नव्याने उगवतात. मागणी आकार बहुतेक तसाच राहतो. दुसरीकडून वीज आणली म्हणून महावितरणची जोडणी काही सुटत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दिवसाच्या कोणत्या तासाला आपण किती वीज ओढतो, त्याचा आलेख. आमचा आलेख मी प्रथमच कागदावर काढला, तेव्हा दुपारी सुमारे ४८० किलोवॉट, रात्री दहानंतर त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी जवळपास सपाट रेघ, असे चित्र दिसले. याच ठाणे–बेलापूर रस्त्यावर आता मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत, आणि त्यांचा आलेख याच्या अगदी उलट, म्हणजे दिवसरात्र सारखा असतो. आम्हाला जे सौदे योग्य ठरतील ते त्यांना चालणार नाहीत, आणि त्यांच्यासाठी आखलेला सौदा आमच्या गळ्यात मारला तर आम्ही बुडू.

आता छपराविषयी, कारण प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो. ढोबळ हिशेबाने १ किलोवॉट पॅनेलला १०० चौरस फूट मोकळे, सावलीविरहित छप्पर लागते आणि त्यातून वर्षाला सुमारे १,४०० युनिट मिळतात. आमच्या शेडचे जुने सिमेंटचे पत्रे, एक्झॉस्ट, पाण्याच्या टाक्या आणि चालायच्या वाटा वगळून १८० किलोवॉटच बसले. त्याचे वर्षाला अडीच लाख युनिट धरले, तर एकूण गरजेच्या साडेआठ टक्क्यांच्या आतच. छप्पर आमचे मोठे आहे असे मला वर्षानुवर्षे वाटत आले होते; गरजेपुढे ते रुमालाएवढे निघाले. त्यातही शेड पारसिकच्या डोंगराकडेला असल्याने सकाळचे ऊन उशिरा येते, रासायनिक कारखान्यांच्या शेजारामुळे काचेवर चिकट थर बसतो आणि जुलैत पावसाची झड लागली की दिवसचे दिवस इन्व्हर्टर जेमतेम जागा असतो. तरीही छपरावरची वीज हा सर्वांत स्वच्छ सौदा आहे, असे माझे मत आजही आहे, कारण ती मीटरच्या आपल्या बाजूलाच तयार होते आणि तिच्यावर पारेषण, वहन, गळती यांपैकी काहीही लागत नाही. आपल्या राज्यात विद्युत नियामक आयोगाच्या २०१९ च्या रूफटॉप विनियमांनुसार नेट मीटरिंगही, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होण्याची सोयही, मिळते, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी जास्तीची झालेली वीज वाया जात नाही.

माझी चूक याच छपरावर झाली. आमची पॅनेल रेस्को पद्धतीची, म्हणजे भांडवल विकसकाचे (प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीचे), छप्पर आमचे आणि निघालेल्या प्रत्येक युनिटला ठरलेला दर आम्ही द्यायचा, अशी आहेत. मी प्रश्नावलीत ‘८.४ टक्के’ असे आनंदाने लिहिले आणि पुराव्यासाठी कराराची प्रत काढली. लेखा विभागातील बाईंनी ती सहज चाळली आणि सतराव्या पानावर पेन्सिलने खूण केली. तिथे एका कलमात लिहिले होते की प्रकल्पातून निर्माण होणारी सर्व प्रमाणपत्रे आणि पर्यावरणीय लाभ विकसकाच्या मालकीचे राहतील. “साहेब, वीज आपण घेतली, पण हिरवेपणा त्यांनी स्वतःकडेच ठेवलाय असं दिसतंय,” बाई म्हणाल्या. त्यांना विजेतले काही कळत नाही असे त्या नेहमी म्हणतात. करारावर सही करण्याआधी ते पान मी वाचले होते; मात्र त्या वेळी माझे सगळे लक्ष दराच्या रकान्यावर होते. विकसकाने ते लाभ प्रत्यक्षात कुणाला विकले असोत वा नसोत, ते कलम असेपर्यंत ‘आमची वीज हिरवी आहे’ असे लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या वस्तूवर आपले नाव घालणे होते. मी तो आकडा खोडला.

दुसरा मार्ग सोपा आहे, आणि सोप्या गोष्टींना असते तेवढीच त्याला मर्यादा आहे. महावितरणकडूनच हरित दराने वीज घेता येते. राज्याच्या आयोगाने मार्च २०२१ मध्ये यासाठी नेहमीच्या दरावर युनिटमागे ६६ पैसे जादा आकार मंजूर केला होता. आज निर्णय घेणाऱ्याने अर्थातच चालू दर-आदेश पाहावा. एक अर्ज, बिलात एक जादा ओळ आणि हाती प्रमाणपत्र. भांडवल नाही, दीर्घ करार नाही, वकील नाही. ६६ पैशांनी आमच्या ३० लाख युनिटांचे वर्षाला १९ लाख ८० हजार रुपये होतात. ज्याला यंदाच्या वर्षीच उत्तर द्यायचे आहे, त्याला याहून जलद मार्ग मला माहीत नाही. पण या पैशातून कुठे नवे पॅनेल बसते किंवा नवी पवनचक्की उभी राहते असे नाही. जी हरित वीज महावितरण एरवीही घेत होती, तिचाच वाटा आपल्या नावावर लागतो. काही ग्राहक याला मान देतात, काही नाक मुरडतात. आपला ग्राहक कोणत्या गटातला आहे, हे आधीच विचारून घ्यावे.

तिसरा मार्ग ओपन ॲक्सेसचा, आणि खरा खेळ इथे आहे. २००३ च्या विद्युत कायद्याने मोठ्या ग्राहकाला वितरण कंपनीच्या तारा वापरून दुसऱ्याकडून वीज आणण्याची मुभा दिली. पण अट १ मेगावॉटच्या मागणीची असल्यामुळे आमच्यासारख्यांसाठी ती पोथीतली वांगी होती. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये हरित ऊर्जा ओपन ॲक्सेसचे नियम आणले आणि ही मर्यादा १०० किलोवॉटपर्यंत खाली आणली. अर्जावर पंधरा दिवसांत निर्णय झाला नाही, तर तो मंजूर मानावा, अशीही तरतूद त्यात आहे. वागळे इस्टेटमधील किंवा तुर्भ्यातील कितीतरी कारखान्यांना हे दार उघडे झाल्याचा पत्ता अजून नाही, असे मला गाठीभेटींत जाणवले.

या मार्गात विकसक जो दर सांगतो, तो प्रकल्पाच्या फाटकावरचा असतो. आपल्याला हवा असतो तो दारात पडणारा दर. फाटकावरच्या दरात पारेषण आकार, वहन आकार, वाटेतली गळती, क्रॉस सबसिडी अधिभार (मोठ्या ग्राहकांच्या दरातून इतरांना मिळणाऱ्या सवलतीची भरपाई), अतिरिक्त अधिभार (वितरण कंपनीच्या पडून राहणाऱ्या वीज करारांच्या खर्चापोटी) आणि बँकिंगची, म्हणजे जास्तीची वीज ग्रिडमध्ये जमा ठेवण्याची, कपात मिळवली, की प्रस्तावातला चकचकीत आकडा हळूहळू महावितरणच्या दराजवळ सरकू लागतो. गळती म्हणजे प्रकल्पातून हजार युनिट ग्रिडमध्ये सोडले, तर आपल्या खात्यात हजाराहून कमी जमा होणे. माझ्यापुढे आलेल्या तीन प्रस्तावांपैकी एकात गळतीची ओळच नव्हती. विचारल्यावर उत्तर आले, “ती किरकोळ आहे, साहेब.” किरकोळ होती, तर लिहायला काय हरकत होती?

अधिभारांचे हे ओझे टाळण्यासाठी लोक ग्रुप कॅप्टिव्हकडे, म्हणजे अनेक ग्राहकांनी मिळून मालकी घेतलेल्या प्रकल्पाकडे, वळतात. स्वतःच्या मालकीच्या प्रकल्पातून स्वतःच्या वापरासाठी आणलेल्या विजेला क्रॉस सबसिडी अधिभार लागत नाही, आणि डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात असा निर्णय दिला की कॅप्टिव्ह वापरकर्त्यांकडून अतिरिक्त अधिभारही घेता येणार नाही. मालकी म्हणजे किती, हे २००५ च्या विद्युत नियमांत ठरलेले आहे. वापरकर्त्यांकडे मिळून किमान २६ टक्के भागभांडवल हवे आणि वर्षभरात तयार झालेल्या विजेपैकी किमान ५१ टक्के वीज त्यांनी वापरायला हवी. शिवाय प्रत्येकाचा वापर त्याच्या हिश्शाच्या प्रमाणात, दहा टक्के इकडेतिकडे, असायला हवा. समजा, १ मेगावॉटला ४ कोटी खर्च आला आणि त्यातील ३० टक्के भागभांडवल असले, तर ३०० किलोवॉटच्या वाट्याचे भागभांडवल ३६ लाख होते आणि त्याच्या २६ टक्के, म्हणजे सव्वानऊ लाखांच्या आसपास रक्कम आम्हाला गुंतवावी लागते. वर्षाला सुमारे ४ लाख ८० हजार युनिट मिळतात, म्हणजे आमच्या गरजेच्या १६ टक्के. पॅनेल, कर्ज आणि जमीन यांची डोकेदुखी विकसकाची.

मात्र ५१ टक्क्यांची अट कागदावर दिसते तितकी सौम्य नाही. ठाण्यातील माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या कारखान्याने अशा गटात हिस्सा घेतला होता. गटातल्या एका मोठ्या सदस्याचे उत्पादन मंदावले, त्याने वीज कमी उचलली, उरलेली बाहेर विकली गेली आणि वर्षअखेरीस गटाचा एकूण वापर ५१ टक्क्यांखाली गेला. त्या वर्षापुरता प्रकल्प कॅप्टिव्ह राहिलाच नाही, आणि ज्यांनी आपला वाटा इमानाने वापरला होता, त्यांनाही पूर्ण वर्षाच्या अधिभाराची मागणी आली. म्हणून गटात शिरताना दर विचारावा, पण त्याआधी आपले भागीदार कोण आहेत आणि त्यांचा धंदा कसा चालला आहे, हे विचारावे. अट मोडली तर भरपाई कोणी करायची, याचे कलम करारात नसेल, तर सही करू नये.

ओपन ॲक्सेसचा हिशेब पंधरा-पंधरा मिनिटांच्या ब्लॉकमध्ये चालतो. दिवसाचे असे ९६ ब्लॉक असतात आणि प्रत्येकात प्रकल्पाने किती वीज सोडली आणि आपण किती ओढली, हे विशेष मीटरवर नोंदले जाते. राज्यभरातील विजेचे हे वेळापत्रक ज्या राज्य भार प्रेषण केंद्रातून सांभाळले जाते, ते आपल्या ऐरोलीतच, ठाणे–बेलापूर रस्त्यावर आहे. वर्षानुवर्षे मी त्याच्या समोरून बसने गेलो, आणि आत काय चालते हे मला या प्रकरणामुळे समजले. दुपारी जास्तीची झालेली सौर वीज बँकिंगने त्याच महिन्यात नंतर वापरता येते. केंद्राच्या नियमांनुसार अशी जमा वीज महिन्याच्या वापराच्या ३० टक्क्यांपर्यंत तरी मान्य करावी लागते. पण दुपारी जमा केलेले युनिट संध्याकाळच्या महागड्या वेळेत परत मिळेल, असे गृहीत धरून कोणी हिशेब मांडला, तर तो कागद परत करावा. शिवाय वीज ग्राहक हक्क नियमांच्या २०२३ च्या दुरुस्तीने केंद्राने सौर तासांचा दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवण्याचे धोरण आणले आहे. दुपारची ग्रिडची वीजच स्वस्त होत जाणार असेल, तर दुपारच्या सौर करारातील बचत तेवढी आटते. आजच्या दराशी तुलना करून पंधरा वर्षांची बचत दाखवणारे तक्ते मी यामुळेच बाजूला ठेवले.

याच ठिकाणी वारा उपयोगी पडतो. साताऱ्यातील वनकुसवडे–चाळकेवाडीच्या पठारावर किंवा धुळ्याच्या ब्राह्मणवेलला जून ते सप्टेंबर वारा जोरात असतो, म्हणजे नेमका तेव्हा, जेव्हा आमच्या छपरावरची पॅनेल ढगांखाली झोपलेली असतात. आणि वारा रात्रीही वाहतो. आषाढ-श्रावणातील सूर्याची तूट वाऱ्याने भरून काढणारा सौर-पवन मिश्र करार थोडा महाग पडतो, पण वर्षभराचा हिशेब अधिक सारखा लागतो. दोन पाळ्यांच्या कारखान्याला मी तोच सुचवेन.

चौथा मार्ग निव्वळ प्रमाणपत्रांचा. एक नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्र म्हणजे १,००० युनिट. ही व्यवस्था २०१० च्या विनियमांनी आली आणि २०११ पासून वीज बाजारांत व्यवहार सुरू झाले. मुळात ती वितरण कंपन्यांना आपले हरित खरेदीचे बंधन, म्हणजे विजेचा ठरावीक वाटा नवीकरणीय स्रोतांतून घेण्याची सक्ती, पुरे करता यावे म्हणून होती. हे बंधन आता २०२९-३० पर्यंत ४३.३३ टक्क्यांपर्यंत जायचे आहे. २०२२ च्या नव्या विनियमांनी प्रमाणपत्रांच्या किमतीची किमान आणि कमाल मर्यादा काढून टाकली. ज्यांच्यापाशी छप्पर नाही, मीटर नाही, अशांसाठी हा मार्ग खरा आहे. ऐरोली आणि घणसोलीतील आयटी इमारतींत एकेका मजल्यावर भाड्याने असलेल्या कंपन्यांची स्थिती अशीच असते: महावितरणचा ग्राहक इमारतीचा मालक, आणि भाडेकरूला वीज मिळते ती उपमीटरवर. अशांनी भाडेकरार नूतनीकरणाला येईल तेव्हा मालकाकडे हरित दराची मागणी करावी आणि तोपर्यंत प्रमाणपत्रे घ्यावीत. कारखानदाराने मात्र केवळ प्रमाणपत्रांवर भागवणे मला पटत नाही. बिल तेवढेच राहते, वर एक खर्च वाढतो, आणि दुसऱ्या वर्षी कोणी तरी संचालकांच्या बैठकीत तो खर्च कापतो.

उत्तर लिहिताना आणखी एक नियम समजून घ्यावा लागला. कार्बन मोजण्याच्या जीएचजी प्रोटोकॉलमध्ये २०१५ पासून खरेदी केलेल्या विजेचा आकडा दोन प्रकारे द्यायचा असतो: एक आपण ज्या ग्रिडवर आहोत त्याच्या सरासरीने, आणि दुसरा आपल्या करारांनुसार आणि प्रमाणपत्रांनुसार. छपरावरच्या पॅनेलमुळे ग्रिडमधून ओढलेले युनिटच कमी होतात. बाकी सर्व सौद्यांचा परिणाम फक्त दुसऱ्या आकड्यावर दिसतो, आणि तोही हक्काचा कागद हाती असेल तरच.

आमच्यापुरते म्हणाल, तर गेल्या वर्षीच्या रकान्यात मी ‘शून्य’ लिहिले आणि सोबत एक पानाचे स्पष्टीकरण जोडले. संचालक नाराज झाले, पण ग्राहकाकडून त्यावर एकही उलट प्रश्न आला नाही. त्यानंतर विकसकाशी चार बैठका होऊन दरात पाच पैसे वाढवून देण्याच्या बोलीवर ते कलम बदलले गेले, छपरावरचे ८.४ टक्के आता कागदानेही आमचे आहेत. सौर-पवन गटात हिस्सा घेण्याचा मसुदा वकिलांकडे आहे, आणि त्यातील भरपाईच्या कलमावर घोडे अडले आहे. मधल्या काळासाठी महावितरणकडे हरित दराचा अर्ज करण्याची फाइल मी मागच्या सोमवारी सहीसाठी पाठवली. सतरावे पान वाचणाऱ्या बाईंनी तीही परत केली आहे. जादा आकारावर वीज शुल्क लागणार का, हे आधी लेखी विचारून घ्या, असा त्यांचा शेरा आहे.